११क्ष² हे उत्तर आलं कुठून? एका गणिताची चिरफाड

गणित असं होतं, सरळ रूप द्या:

३क्ष² + ५क्ष − २(क्ष² − ४क्ष + ३) + ७ − क्ष

बरोबर उत्तर क्ष² + १२क्ष + १. आठवीतल्या एका मुलीने उत्तर लिहिलं ११क्ष². पेपर तपासणाऱ्यांनी त्यावर एक लाल फुली मारली आणि शेजारी लिहिलं, "सजातीय पदे पाहा". बस, एवढंच. मी तिला गणितात अधूनमधून मदत करतो त्यामुळे तो पेपर माझ्याकडे आला, आणि खरं सांगतो, आधी मलाही वाटलं की काहीतरी ठोकून दिलंय. पण तिने मधल्या सगळ्या पायऱ्या नीट लिहिल्या होत्या, त्या अशा:

ओळ १: ३क्ष² + ५क्ष − २क्ष² − ४क्ष + ३ + ७ − क्ष
ओळ २: क्ष² + १ + १०
ओळ ३: क्ष² + ११
ओळ ४: ११क्ष²

आता हे शांतपणे बघितलं तर लक्षात येतं की ठोकून दिलेलं यात काहीच नाही. प्रत्येक ओळ तिने कशावरून तरी काढलीय. एका लाल फुलीखाली इथे तीन वेगवेगळ्या चुका दडल्यात आणि तिघींची कारणं एकमेकींशी फारशी संबंधित नाहीत. म्हणून तर "सजातीय पदे पाहा" हा शेरा तिच्या काहीच कामाचा नव्हता. व्याख्या तिला तोंडपाठ होती, विचारलं तर धडाधड म्हणून दाखवली, ज्या पदांमधली चलं सारखी आणि त्या चलांचे घातांकही सारखे ती सजातीय पदं. क्ष² आणि ११ सजातीय आहेत का विचारलं तर म्हणाली, नाहीत. मग एकत्र का केलेस? गप्प.

मी काही समजावायला गेलो नाही, फक्त प्रत्येक ओळ मोठ्याने वाच आणि काय केलंस ते सांग म्हटलं. सुरुवात शेवटच्या ओळीपासून केली कारण तीच सगळ्यात विचित्र दिसत होती.

"क्ष² + ११ वर का नाही थांबलीस?"

"सर, मधे अधिक राहिलं होतं ना. उत्तरात अधिक कसं ठेवणार?"

हे वाक्य ऐकलं आणि अर्धं प्रकरण तिथेच उलगडलं. पहिलीपासून सातवीपर्यंत अधिकचं चिन्ह म्हणजे एक हुकूम असतो, ८ + ५ दिसलं की १३ करायचं आणि ते १३ केलं नाही तर गणित अर्धवट सोडलं म्हणून मार्क कापले जातात, आणि इतकी वर्षं पाळलेला हा नियम बीजगणित आल्यावर एका दिवसात कोणी रद्द केला हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिच्या दृष्टीने क्ष² + ११ हे उत्तर नव्हतंच, तो एक न सोडवलेला प्रश्न होता. मग तिने तो "सोडवला". आकडा ११, अक्षर क्ष², चिकटवून टाकलं.

ही काही तिची एकटीची खोड नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांच्या गणिताच्या समजुतीवर सीएसएमएस नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यातला एक प्रश्न होता की ३न मध्ये ४ मिळवा. बरोबर उत्तर ३न + ४, पण ७न हे उत्तर इतकं नेहमीचं निघालं की पुढे बीजगणित शिकवण्यावर लिहिणारे लोक ते उदाहरण म्हणून देतच राहिले. त्याच दशकात केव्हिन कॉलिस या संशोधकाने या सवयीकडे लक्ष वेधलं होतं, म्हणजे मुलांना "न मिटलेली" राशी उत्तर म्हणून स्वीकारताच येत नाही, सगळं मिटवून एक वस्तू हातात यावी असं वाटत राहतं. माझं मत विचाराल तर सजातीय पदांच्या प्रकरणातली ही सगळ्यात मोठी अडचण आहे आणि पुस्तकात तिच्यावर बहुतेक एक ओळही नसते.

तिला मी एवढंच विचारलं की क्ष जर १० असेल तर क्ष² + ११ किती? १११. आणि ११क्ष² किती? ११००. ती दोन्ही आकड्यांकडे बघत बसली. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे हे एकच नाहीये." बरोबर, आणि सरळ रूप द्या याचा अर्थच हा आहे की राशी दिसायला बदलेल पण क्षच्या जागी काहीही ठेवलं तरी किंमत तीच आली पाहिजे. हा अर्थ तिला माहीतच नव्हता. तिला वाटायचं सरळ रूप म्हणजे लहान रूप, जितकं लहान तितकं चांगलं, आणि ११क्ष² पेक्षा लहान काय असणार!

आता ओळ २ बघू, ही मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली. ओळ १ मध्ये क्षची तीन पदं आहेत, ५क्ष, −४क्ष आणि −क्ष. यांची बेरीज शून्य यायला हवी, तिने १ लिहिलाय. का? तिचं म्हणणं, ५क्ष मधून ४क्ष गेले, राहिला १क्ष, त्यातून क्ष काढून टाकला, राहिला १.

वाचून हसू येईल पण जरा तिच्या जागी बसून बघा. १क्ष लिहिलंय, त्यातलं क्ष हे अक्षर पुसलं तर कागदावर १ च उरतो! ती गणित करत नव्हती, ती कागदावरच्या खुणा खोडत होती. याच हिशेबाने तिला ५क्ष − क्ष = ५ वाटतं आणि ७य − य = ७ वाटतं, मी दोन्ही विचारून बघितले, दोन्हीला तेच उत्तर. म्हणजे चूक पक्की आहे, घाईची नाही. एकट्या क्षच्या पुढे १ असतो आणि तो लिहायची पद्धत नाही, हे तिला "माहीत" होतं म्हणजे ऐकलेलं होतं, पण वजाबाकी करताना ते डोक्यात येत नव्हतं.

खोदून विचारल्यावर कळलं की तिला हे प्रकरण फळांवरून शिकवलं गेलं होतं. अ म्हणजे सफरचंद, ब म्हणजे केळं, ३ सफरचंदं आणि २ सफरचंदं मिळून ५ सफरचंदं, पण सफरचंदं आणि केळी मिसळता येत नाहीत. हे उदाहरण जगभर चालतं, शिकवणाऱ्याला सोपं, ऐकणाऱ्याला लगेच पटतं, आणि पहिल्या दिवशीची गणितं त्यावर सुटूनही जातात. मला मात्र ते अजिबात आवडत नाही, आणि गणित शिकवण्यावर गंभीरपणे विचार करणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच्या विरोधात आहेत. कारण यात अक्षर ही वस्तू होऊन बसते. क्ष ही एक संख्या आहे, वस्तू नाही. ३क्ष म्हणजे तीन "क्ष नावाच्या गोष्टी" असं धरलं की मग क्ष² म्हणजे काय सांगणार, सफरचंदाचा वर्ग? अब म्हणजे सफरचंद गुणिले केळं? आणि क्षच्या जागी −४ ठेवा म्हटलं की उणे चार सफरचंद कुठून आणायचं? शिवाय फळांच्या हिशेबात "न मिसळणं" ही बंदी वाटते, कोणीतरी घातलेली. खरं तर बंदी वगैरे काही नाही. क्ष आणि य यांची बेरीज बिनधास्त करता येते, क्ष + य हीच ती बेरीज. ती आणखी आटोपशीर लिहिण्यासाठी काही सामाईक नाही इतकंच.

मग सामाईक म्हणजे काय हे दाखवायला मी अक्षरं बाजूला ठेवली आणि तिला विचारलं,

३८ × १७ + ६२ × १७

हे तोंडी कर. थोडा विचार करून म्हणाली, १७००. कसं? "३८ आणि ६२ शंभर, शंभर सतरे." वा! म्हणजे सजातीय पदांची बेरीज तिला प्राथमिक शाळेपासून येत होती, फक्त तिला ते त्या नावाने माहीत नव्हतं. १७ च्या जागी क्ष ठेवला की ३८क्ष + ६२क्ष = १००क्ष, संपलं. यामागे वितरणाचा गुणधर्म आहे, अक + बक = (अ + ब)क, आणि सजातीय पदं एकत्र करणे म्हणजे हाच गुणधर्म उलट्या बाजूने वापरणं. वेगळा नियमच नाही तो.

मग ३८ × १७ + ६२ × १९ दिलं. "याला शंभर करून चालणार नाही." का? "सतरा वेगळा, एकोणीस वेगळा." हीच विजातीय पदं. कोणी मनाई केली नव्हती, तिला स्वतःलाच दिसलं की सामाईक काही नाही त्यामुळे शंभर करून उपयोग नाही.

आणि मग ज्यासाठी हे सगळं केलं ते, ३ × १७² + ५ × १७. इथे ती अडकली, कारण दोन्हीकडे १७ आहे. आठ सतरे? ते १३६ होतात. आठ वेळा १७²? ते २३१२. प्रत्यक्ष किंमत ८६७ + ८५ = ९५२. दोन्ही चुकले. १७² म्हणजे २८९, आणि २८९ चे तीन आणि १७ चे पाच यांचे मिळून आठ कशाचेच होत नाहीत. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण १७ तर दोन्हीत आहे ना सर?" आहे, आणि १७ सामाईक काढताही येतो, १७ × (३ × १७ + ५), म्हणजे १७ × ५६, ते ९५२ च येतं. पण कंसात परत दोन पदं उरलीच की. म्हणून ३क्ष² + ५क्ष याचं क्ष(३क्ष + ५) असं अवयव पाडलेलं रूप होऊ शकतं, एक पद होऊ शकत नाही. हा प्रश्न तिने विचारला याचा मला फार आनंद झाला, घातांक वेगळे म्हणून विजातीय असं पाठ केलेल्याला हा प्रश्न पडतच नाही.

यानंतर ५क्ष − ४क्ष − क्ष परत दिलं. (५ − ४ − १)क्ष, म्हणजे ०. तो −१ लिहिताना ती थांबली, म्हणाली, इथे एक लिहायचा असतो होय. ५ × १७ − ४ × १७ − १७ असं करून बघितलं, ८५ − ६८ − १७, शून्य. यावर आणखी काही बोलायची गरज पडली नाही.

आता राहिली ओळ १, म्हणजे कंस. −२(क्ष² − ४क्ष + ३) चं तिने −२क्ष² − ४क्ष + ३ केलं. −२ ला फक्त शेजारचं पद मिळालं, बाकीची दोघं जशीच्या तशी बाहेर आली. हवं होतं −२क्ष² + ८क्ष − ६. ही चूक जुनी आणि सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे तिच्यावर फार वेळ घालवत नाही, पण एक गोष्ट मला या प्रकरणात लक्षात आली ती सांगतो. तिला २ × (१०० − ४० + ३) दिलं तर ती १२६ बरोबर काढते. आधी कंस सोडवते, ६३, मग दुप्पट. अंकगणितात कंसाच्या आतलं नेहमी एका संख्येत मिटतं, म्हणून बाहेरचा आकडा आतल्या प्रत्येक पदाला द्यावा लागतो ही वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. बीजगणितात आतलं मिटत नाही आणि मग पहिल्यांदाच वितरण खरोखर करावं लागतं. म्हणजे सात वर्षं बरोबर उत्तरं आली ती वितरण येतं म्हणून नाही, वितरण टाळता येत होतं म्हणून.

मग तिला म्हटलं −२ × (१०० − ४० + ३) हे दोन्ही रस्त्यांनी कर. कंस आधी सोडवून −१२६. एकेका पदाला −२ देऊन −२०० + ८० − ६, तेही −१२६. आणि तुझ्या पद्धतीने? −२०० − ४० + ३, म्हणजे −२३७. तिथे तिने स्वतःच खोडलं.

तोपर्यंत तिला किमतीचा नाद लागला होता, म्हणून मी म्हटलं की आता तुझ्या पेपरातल्या प्रत्येक ओळीची क्ष = १० साठी किंमत काढ. मूळ राशी, ३०० + ५० − २ × ६३ + ७ − १०, म्हणजे २२१. ओळ १, ११०. ओळ २, १११. ओळ ३, १११. ओळ ४, ११००. हे आकडे एकाखाली एक लिहिले आणि चुका कुठे आहेत हे सांगायला माझी गरजच उरली नाही. जिथे आकडा बदलला तिथे काहीतरी बिघडलं. २२१ चा ११० झाला तिथे कंस, ११० चा १११ झाला तिथे तो न लिहिलेला एक, १११ चा ११०० झाला तिथे चिकटवाचिकटवी. ओळ २ वरून ओळ ३ ला आकडा बदलला नाही कारण तिथे तिने काही चुकीचं केलंच नव्हतं, आणि हेही तिला दाखवणं मला महत्त्वाचं वाटलं, सगळंच चूक नव्हतं. अजून एक गंमत, बरोबर उत्तरात क्ष = १० ठेवलं की १०० + १२० + १ = २२१.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी शिकवताना बरेचदा राहून जाते, ती म्हणजे पडताळ्यासाठी संख्या कुठली घ्यायची. मुलं आळसाने ० किंवा १ घेतात. ० घेतला तर क्षची सगळी पदं गायब, फक्त स्थिर पदं तपासली जातात. १ घेतला तर क्ष, क्ष², क्ष³ सगळे एकच, म्हणजे घातांकाची चूक पकडलीच जात नाही. याच गणितात क्ष = १ ठेवून बघा, तिच्या ओळ १ ची किंमत ११ येते आणि शेवटच्या ११क्ष² ची पण ११, म्हणजे मधल्या दोन चुका एकमेकींना झाकून मोकळ्या! २ घेतला तर क्ष² आणि २क्ष दोन्ही ४. या विशिष्ट गणितात ३ सुद्धा वाईट, कारण कंसातली राशी क्ष² − ४क्ष + ३ ही क्ष = १ आणि क्ष = ३ ला शून्य होते, मग बाहेर −२ आहे का +२ हे कळायलाच मार्ग नाही. १० चांगला, गुणाकार सोपा आणि वर्ग लगेच वेगळा दिसतो. एक किंमत जुळली म्हणजे उत्तर बरोबर सिद्ध झालं असं मात्र नाही, जुळली नाही तर चूक नक्की एवढंच. हां, पण दोन्ही राशींत वर्गापेक्षा मोठा घातांक नसेल आणि तीन वेगवेगळ्या किमतींना दोन्ही जुळल्या तर त्या राशी एकच असतात, कारण त्यांची वजाबाकी शून्य नसेल तर ती दोनपेक्षा जास्त ठिकाणी शून्य होऊच शकत नाही. क्ष = १०, ० आणि −१ या तिन्हीसाठी मूळ राशी आणि क्ष² + १२क्ष + १ तपासून बघा, २२१, १ आणि −१० येतं दोन्हीकडे.

लिहायची पद्धतही आम्ही बदलली. तिची सवय अशी की एका ओळीत सगळी पदं, खाली रेघोट्या, गोल, बाण, आणि त्यात एखादं पद सुटायचं. आता ती तीन उभे रकाने करते, क्ष² चा, क्षचा आणि स्थिर पदांचा, आणि प्रत्येक रकान्यात फक्त सहगुणक चिन्हासकट लिहिते. हे गणित त्यात असं बसतं, क्ष² खाली ३, −२. क्षखाली ५, ८, −१. स्थिर पदांखाली −६, ७. बेरजा १, १२, १. झालं.

ही रकान्यांची पद्धत मला काही सुचलेली नाही, फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांत लिहिला, भास्कराचार्यांचं बीजगणित साधारण ११५० चं, आणि त्या परंपरेत अज्ञात राशीसाठी या, का, नी अशी आद्याक्षरं असत, यावत्तावत्, कालक, नीलक यांची. सुटी संख्या म्हणजे रूप, तिला रू. वर्ग असेल तर याव. ऋण संख्येवर वर एक टिंब. आपलं उत्तर त्या पद्धतीत साधारण असं दिसलं असतं: याव १ या १२ रू १. बघा, मधे अधिकचं चिन्ह नाही, नुसती पदं शेजारी मांडलेली, आणि एकट्या पदापुढचा १ सुद्धा लिहिलेला. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडायच्या, याव खाली याव, या खाली या, आणि एखादं पद नसेल तर तिथे ० लिहायचं. भास्कराचार्यांनी नियमही स्वच्छ सांगितलाय, समान जातीच्या पदांची बेरीज वजाबाकी होते आणि भिन्न जातीची पदं वेगळी मांडून ठेवायची. माझ्या विद्यार्थिनीच्या तीनपैकी दोन चुका या मांडणीत होणंच अवघड होतं, लपलेला १ लपलेलाच नसता आणि उत्तरात अधिक उरलं म्हणून जीव खालीवर झाला नसता, कारण अधिक नाहीच! आजची चिन्हं जास्त सुटसुटीत आहेत यात वाद नाही, पण त्या सुटसुटीतपणात काही गोष्टी न लिहिता गृहीत धरल्या जातात आणि नवख्या मुलाला नेमकं ते गृहीत धरलेलंच माहीत नसतं.

पुढच्या वेळी दोन चलांची राशी दिली:

२अ²ब + ३अब² − बअ² + ५अब − २बअ

तिने उत्तर आणलं २अ²ब + ३अब² − बअ² + ३अब, आणि मोठ्या रुबाबात सांगितलं की किंमत तपासलीय, अ = २, ब = ३ ठेवलं, दोन्हीकडे ८४. खरंच ८४ येतात. पण गणित पूर्ण झालेलं नाही कारण २अ²ब आणि −बअ² ही सजातीय आहेत, गुणाकारात क्रमाला महत्त्व नाही, बअ² म्हणजेच अ²ब. शेवटी यायला हवं अ²ब + ३अब² + ३अब, आणि त्याची किंमतही ८४ च. म्हणजे किमतीचा पडताळा चूक आहे का ते सांगतो, संपलंय का ते सांगत नाही. हे तिला जरा खटकलं, इतकं चांगलं हत्यार मिळालं होतं आणि त्यालाही मर्यादा निघाली. मग संपलं हे कळणार कसं? प्रत्येक पदातली अक्षरं आधी वर्णक्रमाने लिहायची, बअ² दिसलं की अ²ब करून घ्यायचं, आणि मग रकाने पाडायचे. अब आणि बअ तिने आधीच बरोबर ओळखले होते, वर्ग आला की मात्र नजर चुकते, आणि अ²ब व अब² एकत्र करायचा मोहही तिथेच होतो. मोह झाला तर परत किमती, अ = २, ब = ३ ला अ²ब होतो १२ आणि अब² होतो १८.

सुधारणा किती झाली? चिकटवाचिकटवी पूर्ण बंद, ती परत दिसलीच नाही, म्हणजे जी चूक सगळ्यात भयंकर दिसत होती तीच सगळ्यात आधी गेली. ५क्ष − क्ष आता ४क्ष येतं, कधीकधी मधे ती अजूनही पेन्सिलीने बारीक १ लिहिते, लिहू दे. कंस मात्र चिवट निघाला. बाहेर आकडा असेल तर ठीक, पण ७ − (क्ष − ३) अशा ठिकाणी, जिथे बाहेर नुसतं उणे आहे, घाईत ७ − क्ष − ३ होतं आणि उत्तर १० − क्ष ऐवजी ४ − क्ष येतं. त्यावर उपाय म्हणून −१(क्ष − ३) असं लिहायला लावलंय, लिहिलं की बरोबर येतं, न लिहिता केलं तर निम्म्या वेळा गडबड. याला वेळ लागेल असं दिसतंय आणि मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही वाटत नाही, बारावीच्या मुलांच्या कॅल्क्युलसच्या पायऱ्यांत सुद्धा हेच उणे खाल्लेलं मी पाहतो.

सध्या अपूर्णांकी सहगुणक चाललेत. क्ष/२ + क्ष/३ चं तिने पहिल्या फटक्यात २क्ष/५ केलं, वर बेरीज आणि खाली बेरीज. पडताळ्याला १० घेऊ नकोस म्हणून सांगायच्या आत तिने ६ निवडला होता, कारण "दोन्हीने भाग जातो". ३ + २ = ५, आणि २क्ष/५ ची किंमत १२/५. खोडलं, ५क्ष/६ लिहिलं. ही चूक सजातीय पदांची नाहीच, ती तिने बरोबर ओळखली होती, ही सरळसरळ अपूर्णांकांच्या बेरजेची आहे आणि ती बरीच मागची आहे. त्यामुळे आता एक पाऊल मागे जाऊन १/२ + १/३ पासून परत सुरुवात केलीय.